वाचकांचे प्रश्न : होडीवरील शौचालयाची टाकी

प्रश्न : आम्ही अमेरिकेत सिएटलजवळ राहतो. अलीकडे आम्ही ३२ फुटी, जुनी शिडाची होडी विकत घेतली. तिच्या शौचालयाला ३० गॅलनची होल्डिंग टँक, म्हणजे मैला साठवणारी टाकी, जोडलेली आहे. शनिवार-रविवारी आम्ही चौघे प्युजेट साउंड या सिएटलजवळच्या समुद्राच्या खाडीत फिरायला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून केबिनमध्ये कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो. दुकानातून आणलेले निळे रसायन टाकूनही फरक पडला नाही. टाकी रिकामी करण्याची योग्य पद्धत कोणती, ती किती दिवसांनी रिकामी करावी, आणि किनाऱ्यापासून दूर जाऊन समुद्रात सोडली तर चालते का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. प्युजेट साउंडमध्ये कोठेही टाकी समुद्रात सोडता येत नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास सर्वत्र बंदी आहेच. त्याशिवाय मे २०१८ पासून प्युजेट साउंड, लेक वॉशिंग्टन आणि लेक युनियन हा सारा भाग ‘नो डिस्चार्ज झोन’ ठरवण्यात आला असून तेथे यंत्राने प्रक्रिया केलेला मैलाही सोडता येत नाही. या नियमाला कोणी अतिरेक म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. प्युजेट साउंडच्या मुखाशी समुद्रतळ उंचावलेला आहे, त्यामुळे बाहेर निघालेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा आत ओढला जातो. त्याच पाण्यात कालवे (खाण्याचे शिंपले) वाढतात. ती पाणी गाळून अन्न मिळवतात, त्या पाण्यातले रोगजंतू आणि विषाणू आपल्या शरीरात साठवतात, आणि माणसे ती कच्चीच खातात. एका होडीच्या टाकीने काय बिघडणार, हा विचार कालवांच्या वाफ्याजवळ नांगर टाकणाऱ्या प्रत्येक होडीवर होऊ शकतो, म्हणूनच तो कोणीही करू नये.

तुमची होडी जुनी असल्यामुळे शौचालयाच्या नळीवर दोन वाटा असलेला वाय-व्हॉल्व्ह असण्याची बरीच शक्यता आहे. त्याची एक वाट टाकीकडे जाते आणि दुसरी थेट समुद्राकडे. बंदी असलेल्या पाण्यात समुद्राकडची वाट नुसती बंद असून भागत नाही. ती सहज उघडता येणार नाही अशी पक्की करावी लागते. झडपेला कुलूप लावणे, तिची मूठ काढून ठेवणे किंवा कापल्याशिवाय न सुटणारी पट्टी बांधणे, यांपैकी कोणताही उपाय चालतो. तटरक्षक दलाचे लोक तपासणीला आले, तर ही झडप ते हमखास पाहतात.

आता वासाकडे वळू. बहुतेक लोक टाकीला घाण समजून तिच्यावर सुगंधाचा किंवा जंतुनाशकाचा मारा करतात आणि तेथेच चुकतात. मैला कुजवणारे जिवाणू दोन प्रकारचे असतात. हवा मिळाली की काम करणारे जिवाणू मैल्याचे विघटन करताना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि त्याला वास नसतो. हवा संपली की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच तुम्ही वर्णन केलेला कुजक्या अंड्यांचा वास, निर्माण करतात. म्हणून टाकीला औषधापेक्षा हवेची गरज अधिक असते. ब्लीच किंवा नाल्या मोकळ्या करणारी तीव्र रसायने तर मुळीच टाकू नयेत. ती उपयोगी जिवाणू मारतात, पंपाचे रबर खराब करतात, आणि ब्लीच लघवीतील अमोनियाशी मिसळले की त्यातून घातक वायू निघतो.

टाकीला हवा मिळते ती व्हेंटच्या नळीतून. ही नळी टाकीच्या माथ्यावरून निघून होडीच्या बाहेरच्या बाजूला एका लहानशा छिद्रापाशी संपते. जुन्या होड्यांवर ती बहुधा जेमतेम १६ मिलिमीटर व्यासाची, लांब आणि वळणावळणाची असते. ते छिद्र शोधून बोटाने चाचपून पाहा. जाळीत कोळ्याचे घर, मिठाचा थर किंवा टाकी कधी काठोकाठ भरल्यामुळे वर चढून वाळलेला मैला, यांपैकी काहीतरी तेथे सापडण्याची दाट शक्यता आहे. शक्य असेल तर ती नळी काढून २५ मिलिमीटरची, आखूड आणि सरळ चढत जाणारी नळी बसवा. टाकीच्या दोन्ही बाजूंनी एकेक व्हेंट काढता आला तर आरपार वारा खेळतो, आणि माझ्या मते वासावरचा तो सर्वांत टिकाऊ उपाय आहे. व्हेंटवर कोळशाची गाळणी लावण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. परंतु ती गाळणी एकदा भिजली की हवेची वाटच अडवते, म्हणून मी तिची शिफारस करत नाही.

मात्र नळी बदलण्याआधी वास नेमका कोठून येतो हे ठरवा, कारण सगळाच वास टाकीचा नसतो. होडी काही दिवस उभी राहिल्यानंतर पहिल्यांदाच शौचालयाचा पंप मारताना भपकारा येत असेल, तर दोष टाकीचा नसून आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्याचा आहे. त्या पाण्यातले सूक्ष्म जीव नळीत मरून कुजतात. अशा वेळी होडी सोडून जाण्यापूर्वी शौचालयातून गोडे पाणी फिरवून ठेवले की तक्रार थांबते. पंप मारताना फक्त डेकवर वास येत असेल, तर तो व्हेंटमधून येतो. केबिनमध्ये तो अष्टौप्रहर कोंदलेला असेल, तर नळ्यांवर संशय घ्यावा, कारण मैलापाणी ज्यांत साचून राहते त्या नळ्यांच्या भिंतींतून कालांतराने वास पाझरू लागतो. याची परीक्षा सोपी आहे. जाडसर सुती फडके कडकडीत पाण्यात बुडवून पिळावे, नळीच्या एका भागाभोवती गुंडाळावे, निवेपर्यंत तसेच ठेवावे, आणि मग नळीपासून दूर नेऊन त्याचा वास घ्यावा. फडक्याला वास लागला असेल तर ती नळी धुऊन उपयोग नाही; ती बदलावीच लागते. नवी नळी सांडपाण्यासाठीच बनवलेली घ्या आणि ती अशी बसवा की मध्येच झोळ पडून पाणी साचणार नाही.

टाकी रिकामी करण्यासाठी मरीनातील (होड्या बांधण्याच्या बंदरातील) पंप-आउट, म्हणजे मैला उपसण्याच्या, केंद्रावर जावे. १९९२ च्या क्लीन व्हेसल कायद्याखालील अनुदानातून अशी केंद्रे देशभर उभी राहिली आहेत आणि तुमच्या राज्यातही ती अनेक ठिकाणी आहेत. होडी नीट बांधल्यावर हातमोजे आणि चष्मा घाला. डेकवर ‘वेस्ट’ असे कोरलेले झाकण शोधा आणि ते डिझेलचे किंवा पिण्याच्या पाण्याचे नाही याची दोनदा खात्री करा. झाकण एकदम काढू नका. अर्धा आटा सोडून क्षणभर थांबा. व्हेंट तुंबलेला असेल तर आतील दाब झाकणाखालून फुसफुसत बाहेर पडतो, आणि अशा वेळी झाकण झटक्याने उघडणाऱ्याच्या अंगावर काय उडते हे सांगण्याची गरज नाही. तुंबलेल्या व्हेंटचा दुसरा धोका याच्या उलट आहे : पंप जोरात ओढू लागला आणि आत हवा आली नाही, तर टाकी आत दबते आणि तिचे सांधे फुटू शकतात. म्हणून व्हेंट मोकळा आहे हे पाहूनच पंप सुरू करा.

केंद्राच्या नळीचे तोंड झाकणाच्या जागी घट्ट बसवा, पंप चालू करा आणि नळीवरील काचेच्या खिडकीतून वाहणारे पाणी पाहत राहा. बुडबुडे येऊ लागले की टाकी रिकामी झाली असे समजून बहुतेक जण निघून जातात, पण खरे काम येथून सुरू होते. टाकीत ३० ते ४० लिटर स्वच्छ पाणी ओता, होडीवरच्या माणसांना या बाजूवरून त्या बाजूला चालायला सांगून ते आत हिंदकळू द्या, आणि पुन्हा उपसा. काचेतून दिसणारे पाणी निवळेपर्यंत असे करत राहा. हे केले नाही तर शौचालयाच्या नळीचे तोंड जेथे टाकीत उघडते त्याच्या बरोबर खाली गाळाचा ढीग चढत जातो आणि पुढे तो फोडणे फार त्रासाचे होते. शेवटी व्हेंटच्या बाहेरच्या छिद्रातूनही थोडे पाणी आत सोडा, म्हणजे ती वाट धुऊन निघेल. या कामासाठी केंद्रावर वेगळी नळी असते. पिण्याचे पाणी भरण्याची नळी येथे कदापि वापरू नये.

किती दिवसांनी, याचा हिशेब असा. ३० गॅलन म्हणजे सुमारे ११४ लिटर. एका वेळेस धुण्याचे पाणी धरून तीन लिटर गेले, तर टाकी ३८ वेळांत भरते. चार माणसांच्या कुटुंबाला त्यासाठी दोन दिवसही लागत नाहीत. टाकी पाऊण भरल्यावर थांबावे, कारण वरची मोकळी जागाच तिला हवा पुरवते. तेव्हा रविवारी परतताना धक्क्यावर जाण्याआधी पंप-आउटला थांबणे हाच तुमचा नियम असू द्या. आठवडाभर साचलेला मैला हे तुमच्या वासाचे निम्मे कारण असावे असे मला वाटते. पाणी वाचवण्याच्या नादात पंप मात्र कमी मारू नका, नाहीतर मैला टाकीपर्यंत न पोहोचता नळीतच राहील. आपल्याकडची पाण्याने धुण्याची सवय येथे फायद्याचीच आहे, कारण कागद जितका कमी तितके तुंबणे कमी. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, कापूस यांतले काहीही त्या भांड्यात जाता कामा नये, आणि पाहुणे येतील तेव्हा त्यांना हे स्पष्ट सांगावे.

उरलेली देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा पांढरे व्हिनेगर भांड्यात घालून पंपाने सावकाश नळीत न्यावे, तासभर राहू द्यावे आणि मग धुऊन काढावे. लघवी व खारे पाणी यांच्या संयोगाने नळीत धरणारे क्षार त्याने सुटतात. भांड्यात पाणी आपोआप परत येऊ लागले, तर पंपामागची रबरी एकदिशा झडप बदलण्याची वेळ झाली असे समजावे. होडी सोडून जाताना समुद्राचे पाणी आत घेणारा सी-कॉक बंद करावा, कारण या वाटेने पाणी भरून धक्क्याला बांधलेल्या होड्याही बुडतात. हिवाळ्यात घालायचे गोठणरोधक प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असावे. मोटारीसाठी मिळणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असते.

प्रश्न : सिंधुदुर्गात खाडीवर आमची लहान हाउसबोट आहे. आमच्याकडे पंप-आउटची सोय नाही. ओहोटीच्या वेळी टाकी सोडली तर मैला समुद्रात निघून जाईल ना?

उत्तर : नाही. ओहोटीबरोबर गेलेले पाणी खाडीच्या तोंडाबाहेर फार दूर जात नाही आणि पुढच्या भरतीला त्यातले बरेचसे परत येते. तुमच्या खाडीत बायका कालवे आणि तिसऱ्या (लहान शिंपले) काढतात, त्या त्याच पाण्यातल्या. १९७४ चा पाणी प्रदूषणविरोधी कायदा आणि २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम यांचाही रोख अशा विसर्गाच्या विरुद्धच आहे.

सेप्टिक टँक उपसणारा सक्शन टँकर तालुक्याच्या ठिकाणी मिळतो, त्याचा उपयोग करा. हाउसबोट धक्क्याला लावल्यावर टँकरची नळी डेकपर्यंत पोहोचेल अशी जागा निवडा, आणि डेकवर टँकरच्या नळीला घट्ट बसेल असे जोडणीचे तोंड एखाद्या प्लंबरकडून तयार करून घ्या. टँकरचा उपसा घरगुती टाक्यांसाठी असल्यामुळे बराच जोरदार असतो, म्हणून तो सावकाश सुरू करायला सांगा आणि तुमचा व्हेंट रुंद असल्याची आधी खात्री करा. टँकरचा मालक मैला कोठे रिकामा करतो हेही विचारून घ्या. तो पुढच्या ओढ्यात जात असेल, तर तुमच्या खर्चाला अर्थ नाही.

टाकीचा गाळ निघत नसेल तरी आत कोणालाही उतरवू नका, आणि तपासणीच्या झाकणातून डोके आत घालून पाहूही नका. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना त्याचा वास येतो. जास्त झाला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते की वायू गेला. सेप्टिक टँकमध्ये एकामागून एक उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या महाराष्ट्रात आपण वर्षानुवर्षे वाचतो, तो वायू हाच. संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि होडीच्या टाकीलाही तोच दंडक लावावा. गाळ घट्ट झाला असेल तर टाकी पाण्याने अर्धी भरून दोन दिवस तशीच ठेवावी, त्या काळात शौचालय बंद ठेवावे, मग बाहेरूनच दाबाच्या पाण्याने गाळ ढवळून टँकरने ओढून घ्यावा, आणि गरज पडल्यास हेच पुन्हा करावे.