४८ सेकंदांच्या सीनसाठी टेम्पो कसा काढायचा, आणि शेवटाकडे संगीत चित्राच्या पुढे का पळतं?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी आहेत. ४८ सेकंदांच्या सीनमध्ये पत्र उघडणं आणि दार आपटणं या दोन जागा संगीतात पकडायच्या आहेत, ही एक. आणि २० मिनिटांची अख्खी शॉर्ट फिल्म लावली की सुरुवातीला सगळं जुळतं, पण शेवटाकडे संगीत पुढे निघून जातं, ही दुसरी. दुसरी आधी घेतो, कारण ती निस्तरल्याशिवाय पहिलीचा हिशोब करून उपयोग नाही.

तुमचं चित्र बहुधा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं आहे आणि संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही २४ लावलंय. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा क्रमांक) घड्याळासारखा दिसतो, पण मोजतो फ्रेम. २३.९७६ ला टाइमकोडवर एक तास पूर्ण होतो तेव्हा खऱ्या घड्याळात ३.६ सेकंद जास्त गेलेले असतात. हजारात एकाचा फरक. एडिटरने दिलेल्या जागांच्या यादीतले टाइमकोडचे आकडे २४ च्या प्रोजेक्टमध्ये टाकले की प्रत्येक जागा किंचित अलीकडे पडते. मिनिटाला जेमतेम दीड फ्रेम, म्हणून आधी कळतच नाही. विसाव्या मिनिटाला तेच १.२ सेकंद होतात आणि दार आपटायच्या आधीच तुमचा ढोल वाजतो.

फरक कसा पडतोय त्यावरून कारण कळतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर फ्रेमरेट ठीक आहे, प्रोजेक्टचा सुरुवातीचा टाइमकोड चुकलाय (एडिटर बऱ्याचदा ०१:००:००:०० पासून सुरू करतो, आपण शून्यापासून). पहिल्याच मिनिटात दोन-अडीच सेकंदांची गफलत झाली तर कुठेतरी २४ आणि २५ ची सरमिसळ आहे. आपल्याकडे टीव्हीचं काम २५ वर आणि सिनेमा २४ वर, त्यामुळे दोन्हीकडे काम करणाऱ्या एडिटरकडून हे सहज होतं. म्हणून चित्रावर छापलेल्या टाइमकोडसकट व्हिडिओ मागा आणि पहिला कट व शेवटचा कट सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तरच पियानोला हात लावा.

आता टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती मात्रा (बीपीएम). सूत्र एवढंच: मात्रा गुणिले ६० भागिले सेकंद. तबलजी तिहाई बांधताना समेपासून मागे मोजत येतो, तसंच इथे दारापासून मागे मोजायचं. पुढचा हिशोब मी २४ फ्रेमचा धरतोय. समजा सीन सुरू झाल्यापासून पत्र १४ सेकंद १२ फ्रेमवर उघडतं आणि दार बरोबर ३१ व्या सेकंदाला आपटतं. फक्त दार पकडायचं असेल तर ३१ सेकंदांत ४० मात्रा बसवा, म्हणजे ७७.४२ बीपीएम, किंवा ४४ मात्रा, म्हणजे ८५.१६. दोन्हींत दार चार मात्रांच्या बारच्या (मात्रांच्या गटाच्या) पहिल्या ठोक्यावर येतं. दशांशाला घाबरू नका, सॉफ्टवेअरला तो चालतो आणि क्लिकवर (कानातल्या टिकटिकीवर) वाजवणाऱ्याला कळतही नाही.

दोन्ही जागा हव्या असतील तर सरळ ८५ घेऊन बघा. ४८ सेकंदांत ६८ मात्रा, म्हणजे पूर्ण १७ बार. दार बाराव्या बारच्या पहिल्या ठोक्याच्या दीड फ्रेम आधी आपटतं, म्हणजे संगीत दीड फ्रेम उशिरा. पत्र सहाव्या बारच्या पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मधोमध उघडतं, तिथे संगीत पाऊण फ्रेम लवकर. २४ ला एक फ्रेम म्हणजे साधारण ४२ मिलिसेकंद, तेव्हा हे दोन्ही खपून जातं. संगीत दोनेक फ्रेम उशिरा आलं तर कान माफ करतो. तेवढंच लवकर आलं तर खटकतं.

बरेच जण इथे ८० कडे धावतात, कारण ४८ सेकंदांत बरोबर १६ बार बसतात आणि आकडा नीटनेटका दिसतो. पण ८० ला एक मात्रा १८ फ्रेमची, आणि तुमच्या दोन्ही जागा मात्रेच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ठोक्यापासून ६ फ्रेम पुढे पडतात. ते ऐकू येतं. मूडसाठी ८० च हवा असेल तर टेम्पोला हात न लावता संगीतच ६ फ्रेम उशिरा सुरू करा. पत्र बरोबर १९ मात्रांनी, दार ४१ मात्रांनी. मग पाचवा बार तीन मात्रांचा केला की पत्र पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर येतं. तिथून दारापर्यंत २२ मात्रा, म्हणजे चारचे पाच बार आणि दोनाचा एक. रूपक वाजवलेल्या माणसाला चारला लागून तीन मात्रा आल्या म्हणून काही वाटत नाही.

मात्रेमागे फ्रेम मोजायची ही रीत जुनीच आहे. १९३० च्या दशकात हॉलीवूडमध्ये फिल्मच्या ध्वनिपट्टीवर भोकं पाडून हेडफोनमध्ये टिकटिक ऐकवायचे. ३५ मिमीच्या प्रत्येक फ्रेमला कडेला चार छिद्रं; भोक छिद्रापाशी किंवा दोन छिद्रांच्या मधे पाडता यायचं, म्हणून हिशोब फ्रेमच्या आठव्या भागापर्यंत जायचा. ‘१२-०’ असं लिहिलं की बारा फ्रेमला एक ठोका, म्हणजे १२० बीपीएम. हाताने पडताळायला आजही हेच सोपं: २४ फ्रेमला १४४० भागिले बीपीएम, २५ ला १५०० भागिले बीपीएम.

माझं मत विचाराल तर पत्र सोडून द्या. प्रत्येक हालचालीवर ठोका आला की गंभीर सीनचं कार्टून होतं. पत्राच्या वेळी तानपुऱ्यासारखा एखादा लांब सूर ठेवा, दार मात्र चुकवू नका.

एक काम पहिल्याच दिवशी करा: व्हिडिओ आणि संवादांचे ट्रॅक टेम्पोला नव्हे, वेळेला बांधून ठेवा. नाहीतर टेम्पो बदलला की संवादही सरकतात आणि तुम्ही भलतीकडेच चूक शोधत बसता.

आणि चित्र लॉक झालंय का, म्हणजे एडिटिंग पक्कं झालंय का, ते विचाराच. एडिटरने दाराआधीच्या १२ फ्रेम कापल्या तर त्याच ४४ मात्रा ३०.५ सेकंदांत बसवायच्या, म्हणजे ८५.१६ चं ८६.५६. सगळं कीबोर्डवर असेल तर दोन मिनिटांचं काम, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सतार आणि तबला रेकॉर्ड होऊन बसले असतील तर ऑडिओ ताणावा लागतो, आणि तबल्याच्या थापेवर तो ताण लगेच कळतो. म्हणून वादकांची तारीख लॉकनंतरची घ्या.