दहा मिनिटं उभं राहिलात, हेच पुष्कळ

प्रश्न : नातीनं मुंबईत वासुदेव गायतोंडेंचं एक चित्र दाखवलं. मोठा पिवळा कॅनव्हास, मध्ये पुसट डाग. दहा मिनिटं उभा राहिलो, काही दिसलं नाही. अशी चित्रं कोटींना जातात म्हणे. यात कष्ट कुठे आहेत?
– एक निवृत्त कारकून, सांगली

उत्तर : दहा मिनिटं? बहुतेक जण फोटो काढून अर्ध्या मिनिटात पुढे सरकतात.

कष्टांचं सांगतो. मी तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो. एकदा सुट्टीत हट्टानं रोलर घेतला, पुठ्ठ्यावर तैलरंगाचे थर चढवले, पट्टीनं खरवडले. तिसऱ्या थराला चिखल झाला. गायतोंडे हेच रोलर आणि पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग पसरायच्या पातळ पात्यानं, करायचे. वर्तमानपत्र-मासिकांचे फाडलेले तुकडेही रंग लावायला वापरायचे. पण त्यांचा खालचा रंग वरच्यातून उजेडासारखा झिरपतो. तुमचे ते ‘पुसट डाग’ असेच आले असणार. चित्राच्या बाजूला सरकून तिरकं पाहा, थर दिसतील.

गायतोंडेंचे वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पुरे व्हायचे. बाकी वेळ? बसून पाहण्यात. (आमच्या हेडमास्तरांनी याला कामचुकारपणा म्हटलं असतं.)

माणूस तुमच्या-आमच्यातलाच. गोव्याकडचं घराणं, १९२४ साली नागपुरात जन्म, गिरगावच्या चाळीत बालपण, १९४८ला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा डिप्लोमा. सुरुवातीला माणसंही काढली, पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचा प्रभाव होता. मग आकृती गळत गेल्या. झेन या बौद्ध ध्यानपंथाचं वाचन होतं. १९६४मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क पाहून आले. १९७२पासून दिल्लीत, निजामुद्दीनला बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहिले. स्वतःच्या कामाला ते ‘अमूर्त’ म्हणायचे नाहीत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणायचे. एखाद्या वस्तूचा आकार पुसून ते चित्र झालेलं नाही. मुळात वस्तूच नाही. म्हणून तुम्ही त्यात ढग, समुद्र शोधत राहिलात तर हाती काही लागणार नाही.

कोटींचं म्हणाल तर २०१३च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९चं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. ते तर २००१लाच वारले होते. त्या आकड्यावरून चित्र जोखू नका. तो बाजार वेगळा.

पुढच्या वेळी दुपारी जा, गर्दी कमी असते. समोर बाक असेल तर बसा. नातीला म्हणावं, वीस मिनिटं काही समजावून सांगू नकोस.