पदक मित्राच्या गळ्यात

"ताई, त्याचा आवाज त्या मुलापेक्षा चांगला आहे, असं सगळेच म्हणतात. मग याला का नाही निवडलं? मी त्यांच्या संचालकांना जाऊन भेटू का?"

इंग्लंडमधल्या एका कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, कॉयरमध्ये (गायकवृंदात) गाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाची ही मराठी आई. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पालकांना सल्ला देताना हा प्रश्न मला पुण्यातही येतो. वर्गाचा मॉनिटर, संघाचा कॅप्टन, गॅदरिंगच्या नाटकातला राजा. त्यामुळे सुरुवातीला मी जरा बिनधास्तच होते.

ही मुलं सात-आठ वर्षांची असताना कॉयरमध्ये येतात. आधी उमेदवारी, मग अंगावर पांढरा झगा. शाळेआधी सराव, संध्याकाळी ईव्हनसाँगची उपासना, समोरासमोर दोन बाजू: डेकॅनाय आणि कँटोरिस. आणि शेवटच्या वर्षी त्यांच्यातला एक हेड कॉरिस्टर, म्हणजे गाणाऱ्या मुलांचा प्रमुख, होतो, गळ्यात रिबिनीचं पदक घालून.

यंदा ते पदक त्याच्या जिवलग मित्राला मिळालं. तेव्हापासून हा नुसतं तोंड हलवायचा, गायचा नाही.

समजूत घालायला मी त्याला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची गोष्ट सांगितली. तिथे नाताळच्या आदल्या दिवशी चॅपलमध्ये पहिल्या कॅरोलचं पहिलं कडवं एक मुलगा एकटा गातो. अनेक जण तयारी करून उभे असतात. कोण गाणार ते अगदी ऐनवेळी कळतं. बाकीचेही गातातच ना पुढे?

"ते एक कडवं असतं," तो म्हणाला. "हे रोज माझ्यासमोर चालत जातं."

मी गप्प बसले. सल्ला देण्याची मला घाई झाली होती.

मग आईने म्हटलं, "अरे, पुढच्या वर्षी..." आणि तीच थांबली. पुढचं वर्ष नव्हतंच. आवाज फुटणार, शाळाही बदलणार. कॅप्टन पुन्हा कधीतरी होता येतं, हा आवाज मात्र परत येत नाही. म्हणजे त्याचं दुःख हट्टाचं नव्हतं. "त्यात काय एवढं" हे वाक्य घरात बंद करा, एवढंच मी आईबाबांना सांगितलं.

संचालकांना भेटायचं का? भेटा म्हटलं, पण तुम्ही नाही, त्याला जाऊ द्या. भांडायला नाही, विचारायला.

तो गेला. उत्तर सरळ मिळालं: एकट्याने गायचे भाग तुझेच आहेत. पण उमेदवार मुलांना स्तोत्राची ओळ सापडली नाही की तुझ्या मित्राचं लक्ष जातं, तुझं जात नाही. वह्या गोळा करणं, रांग लावणं, घाबरलेल्याला सांभाळणं, हे त्या पदकाचं काम आहे.

त्याला हे पटलं? अर्धवट. "खरंय," म्हणाला, "पण मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं." मुद्दा बरोबर होता त्याचा. मोठी माणसं निकष मनात ठेवतात आणि निकाल जाहीर करतात.

हळूहळू तो पुन्हा गाऊ लागला. शेवटच्या भेटीत आईने विचारलं, "ताई, मिरवणुकीत मित्र पुढे निघाला की तो अजूनही त्या पदकाकडेच बघतो. काय करू?"

"बघू दे," मी म्हटलं.