फील्डवरच्या पोरांना टॅब द्यावा की लॅपटॉप?

प्रश्न : नमस्कार भाऊ, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि सोलर पंपाच्या सर्व्हिसिंगचं काम आहे. पोरं बुटीबोरी, काटोल, उमरेड, पार पारशिवनीपर्यंत गाडीवर फिरतात. आतापर्यंत जॉबशीट कागदावर भरायची आणि एकच जुना लॅपटॉप सगळ्यांत फिरायचा. आता प्रत्येकाला एकेक मशीन द्यायचं म्हणतोय. पार्टनर म्हणतो साधे टॅब घे, फुटले तर फुटले, बर्डीतला दुकानदार म्हणतो रगेडच, म्हणजे दणकट बांधणीचेच घ्या, मिलिटरी ग्रेड आहे. कोणाचं ऐकू जी? आणि रॅम किती पाहिजे तेही सांगा.

उत्तर : भाऊ, रॅम राहू द्या सध्या. पहिले तुमच्या सगळ्यात अनुभवी टेक्निशियनला बसवा आणि विचारा की पॅनल उघडल्यावर कंट्रोलरला (मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटला) कोणती केबल लागते, अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो. डीजीवर डीप सी कंपनीचा कंट्रोलर असेल तर त्याचं सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि प्रिंटरला असते तशी चौकोनी टोकाची यूएसबी केबल लागते, तिथे अँड्रॉइड टॅब कितीही महागाचा घेतला तरी कामाचा नाही. पंपाच्या ड्राइव्हमधून (मोटर चालवणाऱ्या युनिटमधून) मॉडबसवर, म्हणजे मशीनशी बोलायच्या एका पद्धतीवर, रीडिंग घ्यायचं असेल तर त्याची वायर यूएसबीला जोडणारा आरएस-485 चा कन्व्हर्टर आला, म्हणजे त्याचा ड्रायव्हर (तो ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) आला. आणि हल्ली एआरएम प्रोसेसरचे (मोबाइलसारख्या चिपचे) विंडोज लॅपटॉप मिळतात, बॅटरी छान चालते त्यांची, पण जुनं सॉफ्टवेअर त्यावर कसंबसं चाललं तरी कन्व्हर्टरचा ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच बनवलेला लागतो, तो नसला की केबल लावून नुसतं बसायचं. म्हणून तुमच्या कामाला साधा इंटेल किंवा एएमडीवालाच बरा.

पण सेटिंग बदलणारे तुमच्याकडे दोन-तीन जणच असतील ना? त्यांना विंडोज द्या. बाकीच्यांचं काम म्हणजे जॉबशीट, फोटो, कस्टमरची सही, त्याला अँड्रॉइड टॅब भरपूर झाला. सगळ्यांना एकसारखं मशीन द्यायचा हट्ट धरला की एक तर पैसे जास्त जातात नाही तर अर्ध्या लोकांचं काम अडतं.

आता उन्हाचं, आणि हे मी सगळ्यात वर ठेवतो. काटोलकडे मे महिन्यात दुपारी पंपावर उभ्या असलेल्या पोराला बघा एकदा, डोक्याचा दुपट्टा सोडून तो टॅबवर धरतो, त्यात मान घालतो, मग कुठे आकडा दिसतो, आणि घाईत 48 चा 43 लिहून येतो. साध्या लॅपटॉपची स्क्रीन 250-300 निटची असते (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), ती ऑफिसच्या सावलीसाठी आहे. बाहेर वापरायचं तर 800-1000 निट बघा, दुकानदाराला हा आकडा नाही माहीत तर मशीन घेऊन दुकानाच्या बाहेर या, भर दुपारी, आणि स्वतः वाचून बघा.

गरमीचंही तसंच. अ‍ॅपल स्वतःच आयपॅड 35 डिग्रीपर्यंतच वापरा आणि उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका म्हणून सांगतं, आपल्याकडे मार्चमध्येच 35 होऊन जातं आणि मेमध्ये पारा 45 च्या वर. लिथियम बॅटरीला साधारण 45 डिग्रीच्या वर चार्ज करायचं नसतं, म्हणून चांगलं मशीन तापलं की स्वतःच चार्जिंग थांबवतं आणि पोरगं ऑफिसला फोन करून सांगतं की चार्जर खराब आहे. डिक्कीत ठेवलेला टॅब तर भट्टीतच ठेवला समजा. रगेडमध्ये बरेच मॉडेल 50-60 डिग्रीपर्यंत चालतात असं स्पेसिफिकेशनमध्ये लिहून येतं, तोच कागद मागा, आणि त्यात वापरायचं तापमान आणि ठेवायचं तापमान वेगवेगळं दिलेलं असतं ते नीट वाचा, दुकानात बहुतेक वेळा मोठा आकडा सांगतात तो ठेवायचा असतो.

मिलिटरी ग्रेड म्हणजे आर्मीने पास केलेलं असं काही नाही. मिल-एसटीडी-810 ही अमेरिकन संरक्षण खात्याची टेस्ट करायची पद्धत आहे, तिचं 810एच हे व्हर्जन 2019 चं, त्यात पाडून बघणे, हादरे, गरमी, धूळ अशा कितीतरी टेस्ट आहेत आणि त्यातल्या कोणत्या करायच्या ते कंपनीच ठरवते. पाडायच्या टेस्टमध्ये 4 फुटांवरून 26 वेळा पाडतात, पण ते 26 वेळा पाडणं पाच मशीनपर्यंत वाटून घ्यायची मुभा आहे, म्हणजे एकाच मशीनने सगळे मार खाल्ले असं धरून चालू नका. किती उंचीवरून, कशावर, चालू असताना की बंद असताना, हे विचारा. आयपी65 म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा चालतो, आयपी67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. उमरेडच्या कोळशाच्या धुळीला पहिला 6 (धुळीचा) हवाच, दुसऱ्या, पाण्याच्या आकड्यासाठी मी जास्त पैसे घालणार नाही.

पार्टनरचं म्हणणं अगदीच चूक नाही, एका रगेडच्या पैशात दोन-तीन साधे टॅब येतात हे खरं. पण माझ्याकडे जे टॅब दुरुस्तीला येतात त्यात काच फुटण्याआधी चार्जिंगचं पोर्ट गेलेलं असतं, आत धूळ घट्ट बसलेली, पिन वाकडी, केबल एका बाजूला दाबून धरली तरच चार्ज होतं, आणि असा टॅब फुटलेला नाही म्हणून कोणी बदलूनही देत नाही, पोरगं तसंच ओढत राहतं. म्हणून बाजूने डॉकवर (स्टँडवर) किंवा पोगो पिनवर (बाहेरून टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पिनांवर) चार्ज होणारं आणि बॅटरी काढता येणारं मॉडेल घ्या. सॅमसंगच्या टॅब अ‍ॅक्टिव्ह सिरीजमध्ये बॅटरी हाताने बदलता येते, पॅनासॉनिकच्या टफबुकमध्येही तशी मॉडेलं आहेत. विंडोज टॅब घेतला तर एक पूर्ण साईजचा यूएसबी पोर्ट पाहिजेच, डोंगल (वेगळा लावायचा अडॅप्टर) पहिल्याच महिन्यात हरवतो.

सिमवालाच घ्या. नुसत्या वायफायच्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएस नसतं, आयपॅडच्या वायफाय मॉडेलमध्ये तर नाहीच, मग फोटोवर बरोबर लोकेशन येत नाही. अ‍ॅप असं घ्या की पारशिवनीकडे रेंज गेली तरी जॉबशीट सेव्ह होईल आणि रेंज आल्यावर आपोआप वर जाईल. रॅम विंडोजला 16 जीबी, अँड्रॉइडला 6 पुरे. जुना टफबुक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर तो विंडोज 11 घेतो का हे बघून घ्या, 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय.

आणि एकदम ऑर्डर देऊ नका. दोन मॉडेल एकेक आणा, सगळ्यात जास्त आदळआपट करणाऱ्या पोराकडे महिनाभर द्या आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या.

प्रश्न : मी पेट्रोल पंपावरच्या डिस्पेन्सरचं (पेट्रोल भरायच्या मशीनचं) मेंटेनन्स करते. कंपनीने आयपी67 चा रगेड टॅब दिलाय. डिस्पेन्सर उघडून शेजारी तो वापरला तर चालतं का?

उत्तर : नाही ताई, अजिबात वापरू नका. आयपी67 हे धूळ-पाण्याचं आहे, पेट्रोलच्या वाफेत ठिणगी होणार नाही याची हमी ते देत नाही. त्यासाठी त्या मॉडेलला धोकादायक झोनसाठीचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, पेट्रोलचा गॅस ग्रुप (वाफ किती सहज पेटते त्याचा गट) आयआयए आणि टेंपरेचर क्लास (मशीन किती तापू शकतं त्याची मर्यादा) टी3, तेवढं किंवा त्याहून वरचं मार्किंग टॅबच्या मागे पाहिजे, आणि झोन 1 (जिथे वाफ नेहमीच्या कामातही असू शकते) की झोन 2 (जिथे क्वचितच असते) तेही. आपल्या देशात ही परवानगी बघणाऱ्या पेसोचं (स्फोटक आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मुख्यालय नागपुरातच आहे, सेमिनरी हिल्सला, तेव्हा कंपनीकडे या मॉडेलच्या मंजुरीचा कागद लेखी मागा. तो हातात येईपर्यंत डिस्पेन्सरजवळ रीडिंग कागदावर घ्या आणि एंट्री पंपाच्या ऑफिसात बसून करा. सर्टिफिकेटवाला टॅब मिळाला तरी चार्जिंग आणि बॅटरी बदलणं ऑफिसातच.