मराठी शोधात हवी ती संस्थळं वर, नको ती बाहेर

प्रश्न थोडक्यात असा: मराठीत काहीही शोधलं तरी पहिल्या पानावर हिंदी लेख, पिंटरेस्ट, क्वोरा आणि यंत्राने भाषांतर केलेली पानं येतात. ठरावीक संस्थळं कायमची वर आणि काही कायमची बाहेर ठेवता येतात का?

येतात. पण खुद्द गूगलच्या साध्या निकालांत नाही, बाहेरून काहीतरी जोडावं लागतं. गूगलने ही सोय एकदा दिली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या सर्चविकीत लॉगिन केलेल्या माणसाला निकाल वर सरकवता यायचा, काढून टाकता यायचा, त्याखाली शेराही मारता यायचा. मार्च २०१० मध्ये ती गुंडाळून निकालाला तारा लावून ठेवायची सोय (तारांकन) आली, २०११ मध्ये नको ते संस्थळ ब्लॉक करायची सोय आली, तीही पुढे बंद झाली. आता उरलंय ते तुमच्या जुन्या शोधांवरून गूगलने बांधलेल्या अंदाजावर चालणारं. त्या अंदाजाला नियम घालून देता येत नाही, फार तर 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' बंद करून किंवा इतिहास पुसून तो बोथट करता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि अमेरिकेत आलेल्या 'प्रिफर्ड सोर्सेस'मुळे आवडती वृत्तस्थळं निवडता येतात खरी, पण त्याचा परिणाम बातम्यांच्या 'टॉप स्टोरीज' चौकटीपुरताच. पाककृती किंवा शेतीची माहिती शोधणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

शोधताना उणे चिन्ह आणि 'साइट:' लावून संस्थळं वगळता येतात, पण गूगल एका शोधात ३२ शब्दांपर्यंतच बघतं. यादी वाढली की हा मार्ग संपला.

म्हणून सुरुवात यूब्लॅकलिस्ट या फुकट एक्स्टेन्शनने (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) करा. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींवर चालतं. अँड्रॉइडवर क्रोम एक्स्टेन्शन घेत नाही, तिथे फायरफॉक्स लागेल. नियम एका ओळीत एक. (खालचे पत्ते, आकडे आणि नियमांचे शब्द वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिलेत, टाइप करताना ते रोमनमध्येच. शीर्षकात शोधायचे हिंदी शब्द तेवढे देवनागरीतच.)

*://*.पिंटरेस्ट.कॉम/*

सुरुवातीच्या तारका-टिंबामुळे भारतासाठीचा 'इन.' आणि इतर देशांचे उपपत्ते एकाच ओळीत जातात. क्वोराला हीच ओळ लावलीत तर मात्र मराठी क्वोराही गायब होईल, कारण त्याचा पत्ता त्याच नावाखाली 'एमआर.' लावून आहे. तेवढा वाचवायला पुढे @ लावलेली दुसरी ओळ द्या:

@*://एमआर.क्वोरा.कॉम/*

हिंदी विकिपीडिया 'एचआय.'वर आणि मराठी 'एमआर.'वर असल्याने तिथे फक्त 'एचआय.' ब्लॉक करायचा.

खरी मेख हिंदी पानं गाळण्यात आहे. यूब्लॅकलिस्टमध्ये शीर्षकावरही नियम लावता येतो: 'टायटल' हा शब्द आणि लगेच तिरक्या रेघांमध्ये नमुना, उदाहरणार्थ टायटल/कैसे|नहीं|जानिए|बनाएं/. हे चार शब्द बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. 'क्या' मात्र नुसता टाकू नका. 'डोक्यात', 'धोक्याचे', 'वाक्यात' या सगळ्यांत 'क्या' दडलेला आहे, त्यामुळे 'डोक्यातील कोंडा' शोधणाऱ्याची चांगली मराठी पानं उडतील. 'और' टाकलात की औरंगाबाद गेलं, 'है' टाकलात की हैदराबाद गेलं. शब्दाची कड ओळखणारं नेहमीचं चिन्ह, म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि बी, इथे कामाला येत नाही, कारण जावास्क्रिप्टच्या लेखी ते रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढ्यालाच शब्द मानतं. त्याऐवजी (^|\s)क्या(\s|$) असं लिहा: आधी ओळीची सुरुवात किंवा मोकळी जागा, नंतर मोकळी जागा किंवा ओळीचा शेवट. शब्दाला प्रश्नचिन्ह चिकटलेलं असेल तर ते पान सुटेल, पण मराठी पान बळी जाण्यापेक्षा ते बरं.

या पद्धतीची मर्यादा समजून घ्या. एक्स्टेन्शन फक्त पानावर आलेले निकाल लपवतं, त्यांच्या जागी नवे आणत नाही. दहापैकी सहा लपले तर चारच दिसणार. पूर्वी पत्त्यात आकडा घालून एका पानावर शंभर निकाल मागवता यायचे, सप्टेंबर २०२५ पासून तेही बंद आहे. शिवाय ब्लॉक केलेल्या संस्थळावरचा मजकूर वरच्या एआय उत्तरात येऊ शकतो, कारण ते उत्तर तुमच्या ब्राउझरपर्यंत तयार होऊनच येतं. ते नको असेल तर निकालांवरच्या पट्टीत 'वेब' निवडा. दर वेळी निवडायचा कंटाळा असेल तर शोधाच्या पत्त्याशेवटी &यूडीएम=१४ जोडून तोच पत्ता ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शोधयंत्र म्हणून नोंदवा.

वर आणण्याचं काम गूगलवर होत नाही, त्यासाठी ब्रेव्ह सर्च या दुसऱ्या शोधयंत्राची गॉगल्स ही सोय बघा, म्हणजे निकालांचा क्रम बदलणारी आपली नियमयादी. जून २०२२ पासून ती आहे आणि ब्रेव्ह ब्राउझर नसला तरी वापरता येते. चार-दोन संस्थळांपुरतं हवं असेल तर तिथल्याच 'रीरँक'मध्ये क्लिक करून भागेल. मोठ्या यादीसाठी साधी मजकूर-फाइल करायची, नावाशेवटी .गॉगल, आणि ती गिटहब किंवा गिटलॅब या फाइली ठेवायच्या संस्थळांवर ठेवायची. वरच्या ओळी उद्गारचिन्हाने सुरू होतात: नाव, वर्णन, आणि 'पब्लिक: फॉल्स', म्हणजे ती सार्वजनिक यादीत झळकत नाही. खाली नियम ('बूस्ट' म्हणजे वर आणणं, 'डिस्कार्ड' म्हणजे गाळणं):

$बूस्ट=२,साइट=एमआर.विकिपीडिया.ऑर्ग
/मराठी/$बूस्ट=२
$डिस्कार्ड,साइट=पिंटरेस्ट.कॉम

मधली ओळ सगळ्यात कामाची. अनेक वृत्तस्थळं आपली मराठी आवृत्ती पत्त्यातल्या 'मराठी' या भागाखाली ठेवतात, ती सगळी एका फटक्यात वर येतात. ज्यांनी 'मराठी.' असा उपपत्ता घेतलाय त्यांच्यासाठी |एचटीटीपीएस://मराठी. या सुरुवातीची वेगळी ओळ लागेल. बूस्ट १० पर्यंत देता येतो, पण मोह आवरा. दहा दिलात की शोधलेला शब्द नुसता ओझरता आलेली बातमीही नेमक्या लेखाच्या डोक्यावर बसते. दोनने सुरुवात करा, फारच मागे पडणाऱ्या एखाद्या चांगल्या संस्थळाला तीन-चार.

फाइल तयार झाली की तिचा पत्ता ब्रेव्हच्या गॉगल्स पानावर सादर करायचा. इथे बहुतेक जण दोन ठिकाणी अडकतात. पहिलं, फाइल बदलली तरी ब्रेव्ह आपणहून नवी प्रत उचलत नाही, पुन्हा सादर करावी लागते. दुसरं, साइट न लिहिता नुसतं $डिस्कार्ड अशी ओळ राहिली तर इतर नियमांत न बसणारं सगळंच गळतं. मुद्दाम फक्त आपल्या यादीतलंच बघायचं असेल तर ही युक्ती छान आहे, चुकून झाली तर पान जवळजवळ रिकामं दिसतं. आणि बूस्ट कितीही द्या, ब्रेव्हच्या स्वतःच्या साठ्यात नसलेलं पान त्याने येणार नाही. लहान मराठी ब्लॉगांच्या बाबतीत हे वारंवार जाणवेल. तिथे गूगलवर 'साइट:' लावून थेट त्या संस्थळात शोधणंच बरं.

पैसे मोजायची तयारी असेल तर कागी या सशुल्क शोधयंत्रात हे सगळं फाइलीशिवाय होतं. प्रत्येक निकालाशेजारी ब्लॉक, खाली, नेहमीसारखं, वर आणि पिन अशा पाच पायऱ्या आहेत. महिना ५ डॉलरच्या योजनेत ३०० शोध मिळतात, म्हणजे दिवसाला सरासरी दहा. सवयीने पत्तापट्टीतूनच फेसबुक आणि हवामान उघडणाऱ्याचे ते दहा दुपारीच संपतील, तेव्हा आधी फुकटच्या १०० शोधांत आपला वापर मोजून बघा.