येशूच्या तसबिरीपुढची मेणबत्ती आणि 'मूर्तिपूजा' हा शब्द

एका वाचकाची विचारणा आहे. कॅथलिक सहकाऱ्याच्या घरी येशूची तसबीर होती, तिला हार होता, पुढे मेणबत्ती लावलेली होती. ते पाहून वाचक सहज म्हणाले, "म्हणजे मूर्तिपूजा तुमच्यातही असते तर!" सहकारी जरा दुखावला: "ही मूर्तिपूजा नव्हे." सोबतचा दुसरा मित्र, तोही ख्रिस्तीच पण प्रोटेस्टंट, म्हणाला, "आहेच मूर्तिपूजा." मग या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि येशूची 'मूर्ती' लिहावं की 'पुतळा'?

तिघांचा शब्द एकच होता, पण तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. वाचकांच्या तोंडी 'मूर्तिपूजा' हे नुसतं वर्णन होतं. कुणी मूर्तीची पूजा करतो, कुणी निर्गुणाची उपासना करतो. त्यात उणंदुणं काही नाही. ख्रिस्ती मराठीत मात्र हा पापाचा प्रकार आहे आणि तो तिथे बायबलच्या भाषांतरातून आला. पुढे प्रार्थना समाजाने (स्थापना 1867, मुंबई) मूर्तिपूजा नाकारली, आठ वर्षांनी मुंबईतच स्थापन झालेल्या आर्यसमाजाने तिच्यावर झोड उठवली, आणि शब्दाला चिकटलेला आरोपाचा वास ख्रिस्ती वर्तुळाबाहेरही पसरला. 'मूर्तिभंजक' हे आज एखाद्या बंडखोर लेखकाचं कौतुक म्हणून आपण बिनदिक्कत वापरतो, ते त्याचंच शेपूट.

हा शब्द ज्या मूळ शब्दासाठी योजला, तो ग्रीक आहे. त्याचे दोन भाग: 'एइदोलोन' आणि 'लात्रेइया'. गंमत अशी की मराठीत आणताना दोन्ही भागांचा अर्थ सरकला.

'एइदोलोन' म्हणजे नुसता दिसणारा आकार, आभास. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात मेलेल्यांच्या सावल्यांना हा शब्द येतो; दिसतात, पण कवेत घ्यायला जावं तर हाती काही लागत नाही. ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंनी इतरांच्या देवांना हाच शब्द लावला: दिसायला आहे, आत काही नाही. आता 'मूर्ती' पाहा. तिचा संस्कृत धातू 'मूर्छ्', म्हणजे घट्ट होणे, गोठणे. जे विरळ होतं ते आकाराला आलं, ते मूर्त. म्हणून 'मूर्तिमंत सौजन्य' म्हणतात, 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे जित्याजागत्या माणसाबद्दल म्हणतात, आणि बैरागी-गोसाव्यांच्या बोलण्यात पंगतीतली माणसंही 'मूर्ती' म्हणून मोजतात. पोकळ आभासाच्या शब्दाला ठोस आकाराचा शब्द दिला गेला, जवळपास उलटाच.

दुसऱ्या भागाचंही तेच. 'लात्रिस' म्हणजे मोलाने राबणारा चाकर, आणि 'लात्रेइया' ही त्याची चाकरी. बायबलच्या ग्रीकमध्ये ती मुख्यतः ईश्वराच्या सेवेसाठी येते आणि पुढच्या ख्रिस्ती धर्मशास्त्राने ती फक्त त्याच्यासाठीच राखून ठेवली. आपली 'पूजा' इतकी एकनिष्ठ कधीच नव्हती. दसऱ्याला औजारांची पूजा, लक्ष्मीपूजनाला चोपड्यांची, पोळ्याला बैलांची. चोपडी हाच परमेश्वर, असं एकही दुकानदार मानत नाही. (चोराला बदडल्यावर 'त्याची यथासांग पूजा केली' म्हणतात, ते तर सोडूनच द्या.) पूजा म्हणजे रीतसर दिलेला मान. तेव्हा मूळ ग्रीक शब्दाच्या जवळ जायचं तर 'मिथ्यादेवसेवा' असं काहीतरी म्हणावं लागलं असतं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटलं आहे. मराठीत ते वाचताना अडखळायला होतं, कारण लोभात ना मूर्ती आहे, ना पूजा. 'मिथ्यादेवसेवा' ठेवून वाचा, लगेच लागतं.

शब्दाची ही ओढाताण फक्त मराठीच्याच वाट्याला आली असं नाही. आठव्या शतकात बायझंटाईन, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्यात चित्रांवरून मोठा कलह पेटला. सम्राट तिसरा लिओ याने ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चित्रांविरुद्ध मोहीम उघडली. त्याच्या मुलाने 754 मध्ये हिएरियाला धर्मसभा भरवून चित्रांवर बंदी शिक्कामोर्तब केली. चित्रविरोधकांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. ख्रिस्त देवही आहे आणि मनुष्यही. चित्रात देवत्व रंगवता येत नाही. नुसतं मनुष्यत्व रंगवलं तर ख्रिस्ताचे दोन तुकडे केल्यासारखं होतं. त्याची एकच खरी प्रतिमा, ती म्हणजे प्रभुभोजनाची भाकर.

याला उत्तर दमास्कसचा योहान या धर्मपंडिताने आधीच देऊन ठेवलं होतं. तो जेरुसलेमजवळच्या मार साबा मठातला, म्हणजे उमय्यद खलिफांच्या मुलखातला. सम्राटाचा हात तिथे पोचत नव्हता. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: देव अदृश्य होता तोवर त्याचं चित्र काढणं चूकच होतं, पण तो देह धारण करून माणसांत वावरला, मग जे डोळ्यांनी दिसलं ते रंगवायला मनाई कसली? मी लाकूडरंगाची आराधना करत नाही, लाकूडरंगाच्या कर्त्याची करतो. शिवाय पौलाने ख्रिस्ताला अदृश्य देवाचं 'प्रतिरूप' म्हटलं आहेच. तिथला ग्रीक शब्द 'एइकोन', ज्यावरून आजचा 'आयकॉन' आला. त्याच बायबलमध्ये एक प्रतिमा निषिद्ध आहे आणि एक प्रतिमा साक्षात ख्रिस्त आहे.

787 मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने चित्रं परत आणली आणि शब्दांची वाटणी केली. 'लात्रेइया' फक्त ईश्वराची. चित्राला 'प्रोस्किनेसिस', म्हणजे लवून केलेलं वंदन. मराठीत मी त्याला 'मुजरा' म्हणेन. मुजरा चित्राला, पोचतो तो चित्रातल्या व्यक्तीला. निर्णय स्वच्छ होता, पण त्याचं लॅटिन भाषांतर पश्चिमेला गेलं तेव्हा 'प्रोस्किनेसिस'साठी 'अदोरात्सिओ' हा शब्द पडला, आणि तो लॅटिनात थेट ईश्वराच्या आराधनेलाही चालतो. पश्चिम युरोपातल्या शार्लमेन राजाच्या दरबारातले पंडित खवळले. ग्रीक लोक चित्रांची आराधना करा म्हणतात की काय! त्यांनी खंडनाचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि 794 मध्ये फ्रँकफर्टच्या सभेत तो निर्णय धुडकावला. ज्या गोष्टीला ते विरोध करत होते, ती मुळात कुणी म्हटलीच नव्हती.

तरीही वाटणी पक्की झाली असं समजू नका. तेराव्या शतकात थॉमस अक्विनस या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाने म्हटलं की प्रतिमेकडे प्रतिमा म्हणून पाहिलं तर मन तिच्यावर न थांबता थेट मूळ व्यक्तीकडे जातं. म्हणून ख्रिस्ताच्या प्रतिमेला 'लात्रिया'च ('लात्रेइया'चं लॅटिन रूप) द्यायची, कमी नाही. संतांच्या प्रतिमांबद्दल हा प्रश्न उठत नाही, कारण संत हे ईश्वर नव्हेत. म्हणजे अडचण खरी येते ती नेमकी येशूच्या तसबिरीपाशी.

प्रोटेस्टंट मित्राचं मत कुठून आलं तेही सांगायला हवं. बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये कोरीव मूर्तीची मनाई आहे. कॅथलिक आणि लुथरन परंपरा ती पहिल्या आज्ञेतच धरते. कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या वळणाचे प्रोटेस्टंट पंथ तिला स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात, त्यामुळे तिचं वजन वाढतं. झुरिकमध्ये 1524 साली चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं उतरवली गेली, 1566 मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी ती फोडली. इंग्लंडातल्या वेस्टमिन्स्टर सभेने सतराव्या शतकात काढलेल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत तर ईश्वराचं चित्र मनातसुद्धा रेखाटायला मनाई आहे. लुथर स्वतः एवढा कडक नव्हता. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनमधून उभ्या राहिलेल्या नगरकडच्या चर्चमध्ये गेलात तर क्रूस रिकामा दिसेल; वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये त्यावर ख्रिस्ताचा देह असतो. मित्राने 'आहेच' म्हटलं ते या परंपरेतून. पितळी सर्प मोशेने देवाच्याच आज्ञेवरून केला होता, पण लोक त्याला धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला, हा बायबलमधला दाखला त्याच्या बाजूने भक्कम आहे.

आता कॅथलिक सहकारी कशाच्या जोरावर 'नव्हे' म्हणतो, ते एखाद्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून पाहा. आत येणारा माणूस उजवा गुडघा जमिनीला टेकवतो. कुणासमोर? भिंतीवरच्या पुतळ्यांसमोर नाही. वेदीच्या बाजूला एक छोटी बंद पेटी असते, जवळ सहसा लाल दिवा तेवत असतो. आत कम्युनियनची, म्हणजे प्रभुभोजनाची, अभिमंत्रित भाकर असते. गुडघा तिला. त्या भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे, अशी कॅथलिकांची श्रद्धा. पुतळ्याला मेणबत्ती, फुलं, फार तर पायाला लावलेला हात कपाळाला. अपवाद गुड फ्रायडेचा: त्या दिवशी क्रूसापुढेही गुडघा टेकतात, त्याचं चुंबन घेतात.

आपल्या परिभाषेत बोलायचं तर येशूच्या पुतळ्याची प्राणप्रतिष्ठा होत नाही. धर्मगुरू आशीर्वाद देतो, पवित्र पाणी शिंपडतो, पण पुतळा पुतळाच राहतो. आपल्या गणपतीत आवाहन होतं, प्राणप्रतिष्ठा होते, आणि विसर्जनाच्या आधी उत्तरपूजेने ते परत घेतलं जातं. मग ती माती. म्हणजे मातीलाच देव समजण्याचा आरोप आपल्यालाही नीट बसत नाही. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने मूर्ती घडवणाऱ्याची खिल्ली उडवली आहे की तो अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव करतो. तुकोबांनीही दगडाचा देव आणि दगडाचीच पायरी हे नेमकं टिपलं आहे. निरीक्षण एकच, यशयाने त्यावरून देव खोटा ठरवला, तुकोबांनी भाव खरा ठरवला.

म्हणून माझं उत्तर: मराठीतल्या साध्या अर्थाने वाचकांचं म्हणणं बरोबर आहे, प्रतिमेला रीतसर मान दिला जातो. पण ख्रिस्ती माणसाशी बोलताना हा शब्द आरोप म्हणून ऐकू येतो, तेव्हा 'प्रतिमावंदन' म्हणा, वाद मिटेल. निदान कॅथलिकाशी तरी. प्रोटेस्टंट मित्राशी नाही मिटणार, आणि ते शब्दाचं काम नव्हे.

राहिला पुतळा की मूर्ती. मराठीत हा फरक क्रियापदं ठरवतात. पुतळा उभारतात, त्याचं अनावरण होतं, निषेधासाठी जाळतातही. मूर्ती बसवतात, तिची प्रतिष्ठापना होते, ती भंगते. चौकातल्या नेत्याचा पुतळा, देव्हाऱ्यातली मूर्ती. चर्चच्या आवारात उभा असलेला ख्रिस्त म्हणून पुतळा, आणि कॅथलिक मंडळीही बहुधा हाच शब्द पसंत करतात, प्राणप्रतिष्ठेचा घोळ टळतो. मात्र नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, तिथे 'पुतळा' लिहायला माझा हात धजत नाही. त्या भक्तीचा उगम प्रागमध्ये: 1628 साली एका सरदार घराण्यातल्या बाईने कार्मेल पंथाच्या मठवासीयांना दिलेली, जेमतेम दीड फुटाची, लाकडावर मेण चढवलेली बाळ येशूची प्रतिमा. धर्मविधींच्या ऋतूंप्रमाणे तिचे पोशाख बदलतात. जिला अंगरखे शिवावे लागतात, तिला मराठी माणूस मूर्तीच म्हणणार.