जुना ट्रक तापतो? आधी कधी तापतो ते बघ
मित्रा, तापमानाचा काटा वर गेला म्हणून लगेच रेडिएटर उतरवू नकोस. उभ्या गाडीत तापते आणि हायवेला गार होते, तर फॅन बेल्ट ताणून बघ. सपाटीला ठीक पण कसारा, खंबाटकी लोड घेऊन चढताना तापते, तर रेडिएटर चोक असण्याची शक्यता जास्त. वर्षानुवर्षे बोअरचं पाणी ओतलेल्या गाड्यांत क्षाराने नळ्या बुजतात. इंजिन बंद करून जाळीवरून जपून हात फिरव. मधेच गार पट्टा लागला तर तिथे पाणी फिरत नाही.

पाणी कमी होतंय पण खाली थेंब नाही? इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू कर. बुडबुडे थांबेचनात तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) संशय घे. ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं, तर गाडी हलवूच नकोस. गरम झाकणाला मात्र कधीही हात लावायचा नाही, वाफेने तोंड भाजतं.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाक म्हणणारे भेटतील. ऐकू नकोस, इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं. गरम पाण्यात टाकून उघडतो का बघ, नाहीतर नवा बसव. आणि झाकणाचं रबर तपास. ते कडक झालं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं.